प्रतिस्पर्ध्याची पारख : निळीच्या व्यापाराचा धडा



व्यापारात पडलेल्या माणसाला दोन प्रश्न सतत सोडवावे लागतात. आपला माल कसा खपेल हा पहिला, आणि आपला प्रतिस्पर्धी काय करीत आहे हा दुसरा. किराण्याच्या पेठेत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नसते. समोरच्या दुकानातील भाव, तेथील गिऱ्हाइकांची गर्दी, मालाची आवक, सारे उघड्या डोळ्यांनी दिसत असते. परंतु ज्या उद्योगांचा पाया शास्त्रीय संशोधनावर उभारलेला असतो, त्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रतिस्पर्धी समोर उभा नसतो. तो हजारो मैलांवरील एखाद्या प्रयोगशाळेत, परक्या भाषेत टिपणे लिहीत बसलेला असतो. आणि त्याचा माल आपल्या बाजारात येऊन पोहोचतो, तेव्हा आपण जागे होण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

अशा उद्योगांतील प्रतिस्पर्ध्याची पारख कशी करावी, यावर आज पुष्कळ लिहिले व बोलले जाते. संगणक, औषधे, विजेच्या घटमाला यांची उदाहरणे त्यासाठी देण्यात येतात. मला मात्र यासाठी आपल्याच देशाच्या इतिहासातील एक जुने प्रकरण अधिक बोधप्रद वाटते. ते प्रकरण निळीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी रंगांचे रसायनशास्त्र हेच जगातील सर्वांत प्रगत तंत्र होते, आणि त्या तंत्राशी आपल्या देशातील एका मोठ्या व्यापाराची गाठ पडली. त्या झुंजीत काय घडले, ते कोणाच्या ध्यानात आले, कोणाच्या आले नाही, आणि अखेर त्याचा भुर्दंड कोणी सोसला, हे पाहण्यासारखे आहे.

निळीचे आणि हिंदुस्थानचे नाते फार प्राचीन. या रंगाला युरोपीय भाषांत जे नाव पडले, तेच मुळी हिंदुस्थानच्या नावावरून पडले. आपल्याकडे निळारी नावाची रंगाऱ्यांची जातच या धंद्यावर उभी होती. परंतु एकोणिसाव्या शतकात निर्यातीचा जो प्रचंड व्यापार वाढला, तो प्रथम बंगालमध्ये आणि नंतर उत्तर बिहारमध्ये, आणि तो होता बहुतांशी युरोपियन मळेवाल्यांच्या हाती. बंगालच्या रयतेने १८५९-६० साली नीळ पेरण्याचे नाकारले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि त्यानंतर या धंद्याचा मुक्काम हळूहळू तिरहुत व चंपारण या भागांत हलला.

नीळ तयार करण्याची रीत साधी होती. झाडे कापून आणून पक्क्या बांधणीच्या हौदात पाण्यात बुडवीत. काही तास ती आंबली म्हणजे ते पाणी खालच्या हौदात सोडीत आणि मजूर ते तासन् तास घुसळीत. हवेशी संयोग झाला की पाण्यातून निळा गाळ खाली बसे. तो गाळ उकळून, दाबून, त्याच्या वड्या पाडून वाळविल्या की माल तयार. कलकत्त्याच्या बाजारात त्या वड्यांचा लिलाव होई. या मालात एक उपजतच दोष होता. पाऊस, जमीन, आंबविण्याचा वेळ, पाण्याचा गुण, अशा अनेक गोष्टींमुळे कोणत्याही दोन पेट्यांतील माल सारखा उतरत नसे. एखाद्या वडीत रंगाचा अंश निम्म्याहून अधिक असे, तर दुसरीत पाव हिस्साही नसे. पीकही लहरी. एका वर्षी भाव कोसळे, तर दुसऱ्या वर्षी आभाळाला भिडे.

आता या मळेवाल्यांना संकटाची पूर्वसूचना मिळाली नव्हती काय? मिळाली होती, आणि तीही पुष्कळ आधी. निळीप्रमाणेच मंजिष्ठेच्या वर्गातील एका झाडाच्या मुळांपासून लाल रंग निघत असे. युरोपात त्या झाडाला मॅडर म्हणत, आणि फ्रान्सच्या दक्षिण भागात त्याची मोठी शेती होती. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या दोन जर्मन रसायनज्ञांनी त्या मुळांतील रंगद्रव्य, म्हणजे अलिझरीन, प्रयोगशाळेत बनविले. दगडी कोळशापासून वायू काढताना जे काळे डांबर उरते, त्यातील एका पदार्थापासून त्यांनी ते मिळविले. पुढच्याच वर्षी, १८६९ च्या जून महिन्यात, ते स्वस्तात बनविण्याच्या रीतीसाठी जर्मनीच्या बाडिश कंपनीने आणि इंग्लंडच्या विल्यम पर्किनने अवघ्या एका दिवसाच्या अंतराने पेटंटचे अर्ज केले. ज्यांना आपण पूर्वी पाहिलेही नाही असे दोन इसम एकाच वेळी एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहतात, हे शास्त्राधिष्ठित उद्योगाचे लक्षण या घटनेत स्पष्ट दिसते. पुढील काही वर्षांतच फ्रान्समधील मॅडरची शेती मोडली. डांबरातून एक रंग निघाला, तर दुसराही निघेल, आणि रंगांचा राजा जी नीळ, तिच्यावरच शास्त्रज्ञांची दृष्टी प्रथम वळेल, हा तर्क करण्यास फारशा विद्वत्तेची गरज नव्हती.

ती दृष्टी खरोखरच वळलेली होती. आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनज्ञाने १८६५ सालापासून निळीच्या रेणूचा अभ्यास चालविला होता. १८८० साली त्याने कृत्रिम नीळ बनविण्याची एक रीत सिद्ध केली, आणि १८८३ साली तिच्या रेणूची रचना जगापुढे मांडली. पुढे १९०५ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या रीतीचे हक्क बाडिश आणि होएक्स्ट या दोन कंपन्यांनी विकत घेतले. कलकत्त्याच्या बाजारात त्या वेळी थोडी खळबळ उडाली. परंतु कृत्रिम नीळ काही बाजारात येईना. एक अर्धवट प्रकार तेवढा कापडावर छपाई करण्यासाठी निघाला, आणि तोही महाग पडला. दोन वर्षे गेली, पाच गेली, दहा गेली. मळेवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे, दर वेळी जर्मन शोधाची बातमी आली की ती ऐकून हसण्याची त्यांना सवय लागली.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. कारण सर्व प्रकरणाची किल्ली या विलंबात आहे. विलंब झाला हे खरे. पण तो का झाला, हा प्रश्न मळेवाल्यांनी विचारला नाही. त्याचे उत्तर गुप्त नव्हते. बायरच्या रीतीला डांबरातील टोल्यूईन नावाचा पदार्थ लागे, आणि तो इतका लागे की साऱ्या जगाला पुरेल एवढी नीळ करावयाची म्हटल्यास तेवढे टोल्यूईनच त्या काळी उपलब्ध नव्हते. शिवाय मागणी वाढताच त्याचा भाव वाढला असता. म्हणजे अडचण होती ती कच्च्या मालाची. शास्त्र अपुरे पडले होते असे नव्हे. ज्याला हे कळले असते त्याने पुढची खूणगाठही बांधली असती, की ज्या दिवशी एखादा रसायनज्ञ विपुल मिळणाऱ्या पदार्थापासून नीळ करील, त्या दिवसापासून आपले दिवस मोजावयास लागावे.

तो दिवस १८९० साली उगवला. झुरिच येथील पॉलिटेक्निकमधील कार्ल हॉयमान याने दोन नव्या वाटा शोधून काढल्या. त्यांपैकी एकीचा आरंभ नॅप्थलीनपासून करता येत होता. नॅप्थलीन म्हणजे आपण ट्रंकांतील कपड्यांना कसर लागू नये म्हणून ज्या डांबरगोळ्या ठेवतो, त्यांतील पदार्थ. तो डांबरात भरपूर असे, आणि त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. हॉयमानची रीत छापली गेली, तिचे पेटंट नोंदले गेले. कोणालाही वाचता येईल अशा कागदावर मळेवाल्यांचे भवितव्य सात वर्षे आधी लिहून ठेवलेले होते.

ही सात वर्षे बाडिश कंपनीने कशी घालविली, हेही पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेतील रीत कारखान्यात उतरविणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. नॅप्थलीनचे थॅलिक आम्लात रूपांतर करण्याची पहिली पायरीच फार महाग पडत होती. असे सांगतात, की ऑयगेन झाप्पर नावाचा रसायनज्ञ नॅप्थलीन आणि तीव्र गंधकाम्ल एकत्र तापवीत असता उष्णतामापक फुटला आणि त्यातील पारा मिश्रणात सांडला. क्रिया एकदम सुलभ झाली. पारा हा या क्रियेचा उत्तम प्रेरक आहे, हे अशा रीतीने योगायोगाने कळले आणि १८९६ साली त्याचे पेटंट घेण्यात आले. परंतु योगायोगाचा उपयोग करून घेण्यास तयारी लागते. या क्रियेत गंधकाचा जो वायू सुटे, तो वाया न घालविता पुन्हा गंधकाम्ल करण्याची नवी पद्धत त्याच कंपनीच्या रूडोल्फ क्नीच याने बसविली होती. लागणारे क्लोरीन मिठाच्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने काढण्याची सोय करण्यात आली. एका रंगासाठी अशी उपकारखान्यांची एक साखळीच उभी राहिली. या सर्व उपद्व्यापावर कंपनीने १८ कोटी नव्हे, पण १ कोटी ८० लक्ष मार्क खर्च केले. त्या काळी ती रक्कम कंपनीच्या भागभांडवलाच्या जवळपास जात होती. अखेर १८९७ च्या जुलै महिन्यात 'शुद्ध नीळ' बाजारात आली.

आता मळेवाल्यांनी या नव्या प्रतिस्पर्ध्याची पारख कशी केली ते पाहू. त्यांच्या विचारांत तीन चुका दिसतात, आणि त्या तिन्ही चुका आजही होत असतात.

पहिली चूक अशी, की त्यांनी प्रतिस्पर्ध्याचा आजचा भाव पाहिला. त्या भावाच्या मागील खर्च कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहिले नाही. आरंभी कृत्रिम नीळ काही फार स्वस्त नव्हती. दोहोंत तुलना करून मळेवाले म्हणत, 'आम्ही या भावाला सहज उतरू शकतो.' परंतु शेतातील खर्च आणि कारखान्यातील खर्च यांचा स्वभाव भिन्न असतो. शेतात जमीन वाढविली तरी बिघ्याचा खर्च तेवढाच राहतो. कारखान्यात उत्पादन वाढले, टाकाऊ पदार्थ कामी आले, कामगारांचा हात बसला, की प्रत्येक शेराचा खर्च उतरत जातो. एकजण पायऱ्या उतरत असतो, दुसरा सपाटीवर उभा असतो. क्षणभर दोघे एका उंचीवर दिसले, म्हणून ते बरोबरीचे ठरत नाहीत.

दुसरी चूक मालाच्या गुणासंबंधीची. नैसर्गिक निळीत शुद्ध रंगद्रव्याखेरीज इतर काही अंश असतात, त्यांमुळे कापडाला खुलावट येते, रंग चांगला बसतो, जुन्या रंगाऱ्यांना तीच आवडते, असा मळेवाल्यांचा दावा होता. त्यात अजिबात तथ्य नव्हते असे नाही. लोकरीच्या कामात काही रंगारी खरोखरच जुन्या निळीचा आग्रह धरीत. परंतु मोठ्या गिरणीच्या रंगशाळेला सर्वांत अधिक कशाची गरज होती? दर पेटीत तेवढाच रंग असण्याची. बाडिश कंपनीने तोच गुण हेरला. आपला माल तिने ठरावीक २० टक्क्यांच्या लगद्याच्या रूपात दिला. तो कुटावा लागत नसे, त्याची परीक्षा करावी लागत नसे, आणि आज जी छटा आली तीच पुढील वर्षी येईल याची खात्री असे. मळेवाले आपल्या मालाचे गुण गात होते, आणि गिऱ्हाईक हळूहळू दुसऱ्याच गुणासाठी पैसे मोजू लागले होते.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. त्यांनी स्वतःची पारख केली नाही. बिहारची नीळ स्वस्त का पडते, याचे खरे उत्तर मळेवाल्यांच्या कौशल्यात नव्हते. ते तीनकाठिया पद्धतीत होते. बिघ्याचे वीस कट्ठे. त्यांपैकी तीन कट्ठ्यांत रयतेने नीळ लावलीच पाहिजे, आणि तीही मळेवाला ठरवील त्या दराने, असा तो रिवाज होता. जमिनीचा उत्तम तुकडा निळीला द्यावयाचा, भाताचे काम बाजूला ठेवून आधी निळीचे करावयाचे, आणि हाती पडावयाचे ते कष्टाच्या मानाने नगण्य. म्हणजे मालाचा स्वस्तपणा हा सक्तीतून आलेला होता. अशा स्वस्तपणाला मर्यादा असते. माणसाला एका विशिष्ट हद्दीपलीकडे पिळता येत नाही. आणि ज्याला पिळणे साधते तो सुधारणेच्या वाटेला सहसा जात नाही.

मळेवाले अगदीच स्वस्थ बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९८ साली बिहारच्या मळेवाल्यांच्या संघाने ख्रिस्तोफर रॉसन या रसायनज्ञाची नेमणूक केली. घुसळण्याऐवजी हवा फुंकून पाहिली. अधिक रंग देणारे जावा-नाताळ जातीचे बियाणे आणविले. सरकारकडून संशोधनासाठी साहाय्य मिळविले. लष्कराच्या गणवेषांना नैसर्गिक नीळच वापरावी अशी खटपट केली. यांतील काही प्रयोगांना यशही आले. परंतु हे सारे १८९७ नंतरचे. घराला आग लागल्यावर विहीर खणावयास घेण्याचा हा प्रकार होता. हेच रसायनज्ञ पंचवीस वर्षे आधी, मॅडरची शेती मोडत असताना नेमले असते, तर कदाचित धंदा वाचला नसता, पण तो सावकाश व सावधपणे आवरता आला असता.

उलट बाजूने जर्मनांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याची पारख किती बारकाईने केली होती! नैसर्गिक निळीची किंमत हीच त्यांनी आपल्या सर्व प्रयोगांची कसोटी ठरविली होती. कोणतीही रीत शास्त्रदृष्ट्या कितीही सुंदर असो, त्या किमतीला उतरत नसेल तर ती बाजूला पडे. बाडिश कंपनीचा प्रमुख हाइनरिश फॉन ब्रुंक याने १९०० साली बर्लिन येथे एक व्याख्यान दिले. त्यात त्याने सांगितले, की आमच्या कारखान्यात वर्षाला आज जेवढी नीळ निघते, तेवढी पिकविण्यास हिंदुस्थानात अडीच लाख एकरांहून अधिक जमीन लागली असती. आणि पुढे त्याने असा आशय मांडला, की ज्या देशात वारंवार दुष्काळ पडतो, तेथे ही जमीन धान्याला मोकळी झाली तर ते त्या देशाचे भाग्यच ठरेल. परक्याच्या कोरड्या सहानुभूतीचा हा नमुना म्हणून आपण तो सोडून देऊ शकतो. परंतु आपल्या स्पर्धेचा परिणाम दुसऱ्याच्या शेतात कोठवर जाईल याचा हिशेब त्याने केला होता, हे मान्य केले पाहिजे. मोतीहारीच्या कोठीत तसा हिशेब कोणी मांडल्याचे दिसत नाही.

मात्र जर्मनांचे हे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. स्वतः बाडिश कंपनीलाही लौकरच एक धक्का बसला. हॉयमानने शोधलेल्या दोन वाटांपैकी पहिली, म्हणजे ॲनिलीनपासून निघणारी, तिने उतारा कमी येतो म्हणून बाजूला ठेवली होती. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या डेगुसा कंपनीतील योहानेस फ्लेगर याने सोडियमचा एक संयुक्त पदार्थ वापरून नेमकी ती वाट मोकळी केली. डेगुसाचा मूळ धंदा सोन्याचांदीचा. सोडियम तिच्याकडे भलत्याच कारणासाठी तयार होत होते. ती रीत होएक्स्ट कंपनीच्या हाती गेली, आणि बाडिशच्या अवाढव्य साखळीशी टक्कर देणारा आटोपशीर व स्वस्त मार्ग उभा राहिला. अखेर १९०४ साली दोन्ही कंपन्यांना निळीच्या भावासंबंधी आपसांत करार करावा लागला. ज्याला आपण रंगाच्या धंद्यातला समजत नव्हतो अशा कोणीतरी, ज्या दारावर आपण फुली मारली होती ते दार उघडले. प्रतिस्पर्ध्यांची यादी केवळ आपल्या पेठेतील पाट्या वाचून करता येत नाही, ती यासाठी.

परिणाम फार झपाट्याने दिसू लागले. १८९७ च्या सुमारास जगात सुमारे १९,००० टन नैसर्गिक नीळ होत होती, आणि तिचा फार मोठा भाग आपल्या देशातून जात असे. १९१४ पर्यंत तो आकडा सुमारे १,००० टनांवर आला. जो जर्मनी पूर्वी निळीचे गिऱ्हाईक होता, तोच साऱ्या जगाला नीळ विकू लागला. खुद्द हिंदुस्थानच्या बाजारातही त्याचा माल आला. शतकांचा व्यापार सतरा वर्षांत मोडला.

या नुकसानीची भरपाई कोणाकडून झाली, हा या कथेचा शेवटचा आणि माझ्या मते मुख्य भाग आहे. मळेवाल्यांना नीळ नकोशी झाली, तेव्हा त्यांनी रयतेला निळीच्या बंधनातून मुक्त करण्याची तयारी दाखविली. पण ती फुकट नव्हे. १८८५ च्या बंगाल कूळकायद्याने कुळाचा खंड आपसांतील कराराने रुपयामागे दोन आण्यांहून अधिक वाढविण्यास मनाई केली होती. त्या कलमाला एक अपवाद होता. जमीनदाराच्या सोयीसाठी विशिष्ट पीक लावण्याच्या अटीवर कमी खंड ठरला असेल, आणि त्या अटीतून कुळाला सोडण्यात येत असेल, तर कुळाने स्वखुशीने योग्य वाटेल तो खंड कबूल करावा. या 'स्वखुशी'वर चंपारणात वाढीव खंडाचे हजारो करार नोंदविण्यात आले. त्याला शरहबेशी म्हणत. ज्या गावांत मळेवाल्यांचा हक्क कायमचा नव्हता, तेथे खंड वाढवून दूरचा लाभ नव्हता. तेथे एकरकमी पैसा घेण्यात आला. त्याचे नाव तावान. ज्यांच्याजवळ रोकड नव्हती त्यांच्याकडून कर्जरोखे लिहून घेण्यात आले. शासनव्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला कायद्यातील अशी एक ओळ वाचताना अस्वस्थ झाल्यावाचून राहवत नाही. लिहिणाऱ्याने ती कदाचित कुळाच्या हितासाठीच लिहिली असेल. पण लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात नीळ तयार होऊ लागताच तिचा अर्थ उलटा झाला.

अशा रीतीने ज्या शेतकऱ्याने नीळ लावली तेव्हा नुकसान सोसले, त्यानेच ती लावणे बंद झाल्याबद्दलही पैसे भरले. बायरचे नाव त्याने ऐकले नव्हते. झुरिच कोठे आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रतिस्पर्ध्याची पारख करण्याचे काम त्याचे नव्हते. ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही, आणि त्याची वसुली मात्र त्याच्याकडून झाली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९१६ च्या लखनौ काँग्रेसमध्ये राजकुमार शुक्ल या चंपारणच्या शेतकऱ्याने गांधीजींचा पिच्छा पुरविला, आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी मोतीहारीला आले. जून महिन्यात सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मध्यप्रांताच्या सेवेतील वरिष्ठ अधिकारी फ्रँक स्लाय, आणि गांधीजी तिचे एक सदस्य होते. तडजोड होऊन तीनकाठिया रद्द झाली, वाढीव खंडातून तुरकौलिया कोठीच्या बाबतीत २० टक्के व इतर कोठ्यांच्या बाबतीत २६ टक्के कपात करण्यात आली, तावानपैकी चौथा हिस्सा परत करण्याचे ठरले, आणि १९१८ साली चंपारणचा शेतीविषयक कायदा संमत झाला. त्या खेड्यांतून गांधीजींनी शाळा उघडल्या, तेव्हा मुंबईहून अवंतिकाबाई व बबनराव गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगावहून सोमण, आणि भारत सेवक समाजाचे डॉक्टर देव अशी मराठी मंडळी तेथे जाऊन राहिली, याची आठवण मराठी श्रोत्यांना समाधान देईल. अवंतिकाबाईंनी पुढे गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिले.

मध्यंतरी पहिल्या महायुद्धाने एक चमत्कार घडविला. जर्मन नीळ बंद झाली, भाव चढले, आणि बिहारात निळीची लागवड पुन्हा वाढली. आपली बाजू मुळात खरी होती असे काही मळेवाल्यांना त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही. परंतु इंग्लंडमधील एल्समीर पोर्ट येथे होएक्स्टने बांधलेला कारखाना १९१६ साली लेव्हिन्स्टाइन या ब्रिटिश कंपनीच्या हाती गेला आणि तेथे कृत्रिम नीळ निघू लागली. शत्रूचा माल थांबला होता. शास्त्र थांबले नव्हते. युद्ध संपताच तेजीही संपली. आज जगभर निळ्या जीन्ससाठी जी नीळ लागते, ती जवळजवळ सारी कृत्रिमच असते.

या सर्वांचे तात्पर्य काय? प्रतिस्पर्ध्याची पारख म्हणजे हेरगिरी, अशी एक भाबडी समजूत आहे. निळीच्या बाबतीत चोरून मिळवावे असे जवळजवळ काहीच नव्हते. बायरचे निबंध छापलेले होते, हॉयमानची पेटंटे नोंदलेली होती, मॅडरची उजाड शेते रस्त्यावरून दिसत होती. उणीव होती ती वाचणाऱ्याची. प्रतिस्पर्धी आज काय विकतो यापेक्षा तो काय शिकतो आहे. त्याचे घोडे कोठे अडले आहे, आणि ती अडचण कायमची आहे की तात्पुरती. त्याचा खर्च कोणत्या दिशेने चालला आहे. आणि आपला स्वतःचा स्वस्तपणा कशावर उभा आहे, कौशल्यावर की कोणाच्या लाचारीवर, हे चार प्रश्न ज्याने वेळेवर विचारले त्याला अगदीच बेसावध गाठणे कठीण असते.

आपला देश आज अशा अनेक उद्योगांत उतरतो आहे, जेथे एखाद्या दूरच्या प्रयोगशाळेतील यशाने येथील गावेच्या गावे हलू शकतात. कारखानदार, सल्लागार आणि आम्ही शासनातील माणसे त्या उद्योगांचे अहवाल तयार करू, त्यांत प्रतिस्पर्ध्यांची कोष्टकेही असतील. त्या कोष्टकांत एक रकाना सहसा नसतो : आपला अंदाज चुकला, तर त्याची किंमत कोण देणार? चंपारणच्या रयतेने तो रकाना एकदा स्वतःच्या खर्चाने भरून ठेवला आहे. पुढील अहवालावर सही करण्यापूर्वी तो वाचून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.